दुसरबीडच्या लग्नाला गेलेली मोटार

"अहो, या ना आता घरात. तुमी तिथं उभं राह्यल्यानं मोटार लवकर येईन काय?"

सत्यभामाबाईंची सकाळपासूनची ही तिसरी हाक. शेषराव जागचे हलले नाहीत. मेहकरच्या नाक्यापाशी, सुलतानपूरवरून दुसरबीडला जाणारा रस्ता जिथून फुटतो तिथंच त्यांचं घर होतं, आणि ओट्यावरून तो रस्ता पार वळणापर्यंत दिसायचा. वैशाखाचं ऊन आठ वाजताच डोळ्यांना झोंबत होतं. वळणावर धूळ उठली की शेषराव टाचा उंचावून बघायचे. धुळीतून कधी बैलगाडी निघे, कधी मेंढरांचा कळप, आणि मघाशी तर नुसती वावटळच निघाली. मोटार काही निघत नव्हती.

ती बुधवारी दिवस मावळायच्या आत परत यायची होती. आज शुक्रवार उजाडला होता.

त्या काळी मेहकरात मोटारी तीन. एक तहसीलदारसाहेबांची, दुसरी कापसाच्या जिनवाल्या शेटजींची आणि तिसरी शेषरावांची. तिसरी म्हणजे तरी काय, शेटजींचीच जुनी. चौदा वर्षं शेषरावांनी ती शेटजींसाठी हाकली. शेटजींनी नवी घेतली तेव्हा जुनी कोपऱ्यात धूळ खात पडली. ते बघून शेषरावांना रात्री अन्न जाईना. शेवटी सत्यभामाबाईंनीच हातातल्या पाटल्या काढून पुढ्यात ठेवल्या आणि म्हणाल्या, "घ्या बाप्पा ते तुमची सवत. निदान जेवसान तरी." गावातले लोक अजूनही तिला शेटजींची मोटारच म्हणत. शेषरावांना त्याचा राग येई, पण बोलून दाखवत नसत.

कापडी छताची, हँडल मारून सुरू होणारी, रबरी भोंग्याची ती मोटार भाड्यानं फिरायची. आजारी माणूस अकोल्याला न्यायचा असो, वकिलाला बुलढाण्याला जायचं असो, नाहीतर नवरदेवाची वरात काढायची असो, मोटार शेषरावांची आणि चाकावर हातही शेषरावांचाच. दुसऱ्याच्या हाती त्यांनी ती कधी दिली नव्हती. बाप मागायला आला असता तरी दिली नसती. असा माणूस फसला कसा, हे तुम्ही विचाराल. मेहकरातले लोकही तेच विचारत होते. पण फसला तो भोळा होता म्हणून नाही. रीतभात पाळणारा होता म्हणून फसला.

झालं ते असं. गेल्या रविवारी दुपारी एक माणूस ओट्याशी येऊन उभा राहिला. पांढरं स्वच्छ धोतर, जरीच्या काठाचा रुमाल, कपाळाला हळदीचं बोट.

"रामराम. म्या निवृत्ती. दुसरबीडचा," तो म्हणाला. "तुमच्या पुष्पाबाईच्या घरापासून तिसरं घर आमचं."

दुसरबीड म्हटल्याबरोबर शेषराव उठून उभे राहिले. त्यांची एकुलती एक लेक पुष्पा चार वर्षांमागं तिथं दिलेली. आमच्याकडे लेक ज्या गावी दिली तो अख्खा गावच सोयरा. तिथला न्हावी आला तरी त्याला पाट द्यायचा, आवाज खाली ठेवून बोलायचं. निवृत्तीला तर शेषरावांनी स्वतःच्या हातानं पाणी दिलं.

"पोरगी बरी हाये ना?" सत्यभामाबाई दाराआडून विचारत्या झाल्या.

"एकदम बरी. झुंबरबाई जरा कडक हायेत स्वभावानं, पण तुमची पोरगी लय सोसणारी. तिनंच तर मले इथं धाडलं. म्हणाली, माह्या बाबाची मोटार हाये, दुसरीकडे कुठी जाऊ नका."

धाकट्या भावाचं लग्न होतं म्हणे, आणि नवरदेव मोटारीतूनच मिरवायचा असा साऱ्या घराचा हट्ट. कोपऱ्याला हळद लावलेली पत्रिका त्यानं पुढे केली. सोमवारी न्यायची, मंगळवारी लग्न, बुधवारी परत. ड्रायव्हर त्याचा स्वतःचा होता, जालन्याकडे मोटारीवर काम केलेला.

"मी सोता येतो ना," शेषराव म्हणाले. म्हणाले खरे, आणि लगेच गप्प झाले.

कारण दुसरबीडला दोन दिवस राहायचं म्हणजे मोठी पंचाईत. लेकीला मूल झाल्याशिवाय बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही रीत. पुष्पाला चार वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. शेषराव आजवर तिच्या गावी दोनदाच गेले होते, आणि दोन्ही वेळा ओट्यावर बसून, घोटभर पाणी न घेता परतले होते. आता लग्नघरी मुक्काम करायचा, तिथं पंगतीला बसायचं आणि तिसऱ्या घरी लेकीच्या हातचं पाणी नाकारायचं?

सत्यभामाबाईंनी त्यांना आत बोलावून हळू आवाजात बजावलं, "तुमी जाऊ नका. तिथं राहून तिच्या घरी जेवले नाही, तर ते झुंबरबाई पोरीले टोचून टोचून मारीन. गेलेच नाही तर कोणी काही बोलत नाही."

बाईंचं म्हणणं काही खोटं नव्हतं.

संध्याकाळी गफ्फार मिस्त्री आला. मोटारीचं सारं दुखणंखुपणं त्याच्या हातून जायचं. त्यानं निवृत्तीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि शेषरावांना बाजूला घेतलं.

"अबे, जामीन घे. मेहकरातला एखादा ओळखीचा माणूस उभा कर म्हणावं. निदान चिठ्ठी तरी लिहून घे."

"लेकीच्या गावच्या माणसाले जामीन मागू?" शेषराव दबक्या आवाजात उसळले. "उद्या तो गावात सांगीन, पुष्पाच्या बापानं आमच्यावर इस्वास नाही ठेवला. मंग तिले सासरी कोणी सुखानं घास खाऊ देईन काय? तुले लेक नाही गफ्फार, तुले नाही समजायचं."

"लेक नाही, पण डोळे हायेत मले," गफ्फार म्हणाला.

एक परीक्षा मात्र शेषरावांनी घेतली. त्या जालनेकर ड्रायव्हरला बाजाराच्या मैदानावर चार फेऱ्या मारायला लावल्या. गड्याचा हात असा हलका की गिअर बदललेला कळतसुद्धा नव्हता. शेषराव खूश झाले. त्यांनी त्याचा हात पाहिला, माणूस पाहिलाच नाही. सोमवारी सकाळी मोटार निघाली तेव्हा सत्यभामाबाईंनी पुष्पासाठी कैरीच्या लोणच्याची बरणी फडक्यात बांधून मागच्या बाकावर ठेवून दिली. चोराला मोटार तर दिलीच, वर लोणचंही दिलं.

आता शुक्रवारच्या त्या उन्हात गफ्फार ओट्यावर येऊन बसला.

"एक सांग," तो म्हणाला. "त्याले पुष्पाचं नाव कसं माहीत? तिच्या सासूचं नाव? सासू कडक हाये हे कसं माहीत?"

"गावचाच हाये तो. माहीत नाही राह्यणार?"

"अन् गावचा नसला तर?"

शेषरावांनी रस्त्यावरची नजर काढून गफ्फारकडे बघितलं. त्यांना एक सवय होती. शेटजींकडे असताना शेठाणी मागच्या बाकावर बसत, म्हणून शेटजींचा कडक हुकूम होता, ड्रायव्हरनं मागं वळून बघायचं नाही. चौदा वर्षांत मान अशी बसली की पुढे स्वतःची मोटार झाली तरी ती वळेना. पण तोंडाला तसा हुकूम नव्हता. उतारू बसला की शेषराव समोर रस्त्याकडे बघत बोलू लागत, आणि बोलता बोलता गाडी पुष्पावर यायचीच. लेक दुसरबीडला दिली. घर चांगलं, सासू झुंबरबाई जरा कडक, पण पोरगी सोसणारी. आईच्या हातच्या लोणच्यासाठी जीव टाकते. चार वर्षं झाली, अजून पाळणा नाही, म्हणून मले तिच्या घरचं पाणी चालत नाही. हे सारं त्यांनी किती जणांना सांगितलं असेल, त्याला गणती नव्हती.

पंधरा दिवसांमागं लोणारला एक उतारू नेला होता. मागच्या बाकावर एकटाच बसलेला. साऱ्या वाटेत तो फक्त "हाव" आणि "मंग?" एवढंच म्हणत होता. शेषरावांनी उतरतानाही त्याचं तोंड नीट पाहिलं नव्हतं.

"गफ्फार," ते म्हणाले, "म्याच सांगतलं रे त्याले. सारं म्याच सांगतलं."

गफ्फारनं कपाळावर हात मारला. "ऊठ. ठाण्यात चाल आत्ताच्या आत्ता. शिंदखेडच्या पलीकडे गेली की संपलं."

शिंदखेड राजाच्या पलीकडे निजामाचं राज्य लागायचं. लोक त्याला मोगलाई म्हणत; जालना त्यातच. इकडचा कारभार नागपूरचा, तिकडचा हैदराबादचा. इकडच्या पोलिसाला तिकडे कोणी विचारत नसे. बैल चोरून मोगलाईत नेले की मालक दोन दिवस रडून गप्प बसे. मोटारीची गोष्ट काही वेगळी नव्हती.

पण शेषराव उठले नाहीत. "अन् ठाण्यात काय सांगू? दुसरबीडच्या माणसानं नेली म्हणून? शिपाई जातीन थेट इवायाच्या दारात. महादेवरावाले चार माणसांत उभं करून विचारतीन, कोण निवृत्ती, दाखव. माह्या पोरीच्या सासऱ्याले! अन् तो खराच गावचा निघाला, मोटार वाटेत बिघडली असली, तर? तर मी कुठी तोंड दाखवू?"

"मंग बसून राहा रस्ता पाहत."

"उद्या मीच जाऊन येतो. अगुदर पाहून घेतो."

त्या दिवशी घरात चूल पेटली, पण जेवलं कोणी नाही. सत्यभामाबाई मधूनच म्हणत, "मोटारीत बिघाड झाला असीन हो, नवी थोडीच हाये ते," आणि लगेच देवाला हात जोडत. मोटारीत बिघाड व्हावा म्हणून त्या आयुष्यात पहिल्यांदा नवस बोलल्या.

शनिवारी शेषराव बाहेरगावाहून येणाऱ्या उतारूंच्या सर्व्हिस मोटारीनं बिबीपर्यंत गेले. मागच्या बाकावर, कोंबड्यांच्या टोपल्या आणि कडब्याच्या पेंढ्यांमध्ये बसून. प्रत्येक वळणाला त्यांचा पाय आपोआप ब्रेक शोधी. रस्त्याच्या कडेला, झाडाखाली, नाल्यात ते आपली मोटार शोधत होते. कुठं उलटलेली दिसली असती तरी त्यांना बरं वाटलं असतं. बिबीहून पुढे बैलगाडीनं दुसरबीड.

गावाच्या तोंडाशी रस्त्यालगत चहाचं एक खोपट होतं. शेषराव तिथं टेकले. सरळ विचारायची छाती होईना.

"गावात लग्नाची गडबड दिसत नाही यंदा?" त्यांनी म्हटलं.

"कुठचं लग्न? पंधरा दिवसांत एक नाही," चहावाला म्हणाला.

"निवृत्तीच्या घरी होतं म्हणे मंगळवारी."

"कोण निवृत्ती? गावात निवृत्ती दोन. एक आंधळा बुढा, घराबाहेर निघत नाही. दुसरा सात वर्षांचा पोट्टा. त्याचं लग्न अजून ठरलं नाही बाप्पा." तो आपल्याच बोलण्यावर हसला.

शेषरावांनी कशीबशी कपबशी खाली ठेवली. "सोमवारी इकडून एखादी मोटार गेली काय?"

"सोमवारी मी नव्हतो. बाजाराचा दिवस ना. सारा गाव बाजाराले."

आणखी दोघातिघांना त्यांनी वाटेत विचारलं. सोमवारी कोणी गावातच नव्हतं. होते ते उन्हाच्या कारणानं घरात निजलेले.

महादेवराव ओट्यावरच भेटले. "या इवाई, या! अन् मोटार कुठी?" त्यांनी पहिल्याच झटक्यात विचारलं.

"बिबीले ठेवली. जरा काम निघालं तिचं," शेषराव खोटं बोलले. आयुष्यात मोटारीबद्दल बोललेलं ते त्यांचं पहिलं खोटं. "म्हटलं इतकं आलो तर पोरीले पाहून जाव."

झुंबरबाई आतून आल्या. पदर सावरत म्हणाल्या, "पाणी तर घेणार नाही तुमी."

"रीत हाये ईनबाई."

"हाव, रीत. किती वर्सं पाळसान ते आता तुमच्या पोरीच्या हातात हाये." त्या थोडं थांबल्या, आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात पुढे म्हणाल्या, "आमी श्रावणापावतर वाट पाहतो. मंग पोराचं दुसरं पाहाच लागन. वंश तर चालला पाह्यजे ना? त्यात ते सोमवारपासून अशी तोंड पाडून बसली हाये, की विचारायची सोय नाही."

महादेवराव खाकरले आणि दुसरीकडे बघू लागले. माणूस वाईट नव्हता, पण घरात त्यांचं चालत नसे. शेषरावांच्या कानात सोमवार हा शब्द रुतला.

"पाय तरी धुऊन घेतो," ते म्हणाले.

गोठ्यापाशी रांजण होता. पुष्पा तांब्या घेऊन आली. तिनं बापाकडे बघितलंच नाही. पायांवर पाणी ओतू लागली आणि तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडू लागलं.

"काय झालं वं माय?" शेषराव घाबरले. "मारलं काय तुले कोणी?"

तिनं मान हलवली. मग एकदम म्हणाली, "बाबा, सोमवारी तुमी काऊन नाही थांबले?"

"सोमवारी?"

"मी हिरीवर होती. दूरून भोंगा वाजला. तुमचा भोंगा मी झोपेतबी ओळखते. कळशी तशीच टाकून धावली मी रस्त्यावर. डोक्यावरचा पदर पडला तरी ध्यान नाही. हात केला, बाबा, बाबा म्हणून ओरडली. मोटार जवळ आल्यावर जराशी हळू झाली. अन् मंग जोरात निघून गेली." तांब्यातलं पाणी संपलं तरी ती तो तिरपाच धरून होती. "मले वाटलं, तुमी मले पाह्यलं अन् नाही थांबले. लेकरू नाही ना मले. म्हटलं आता बाबालेबी माह्या दारात यायची लाज वाटते."

शेषरावांनी तिच्या हातातला तांब्या घेऊन खाली ठेवला. तीन दिवस ते मोटारीसाठी झुरत होते, आणि पाच दिवस ही पोर इथं या एका विचारानं जळत होती. त्यांना वाटलं, त्या चोराचा गळा सापडावा. मोटारीसाठी नाही, यासाठी.

"मी नव्हतो माय त्याच्यात," ते घाईघाईनं म्हणाले. "देवाशपथ मी नव्हतो. मोटार चोरली बाई आपली. तो चोर होता."

पुष्पा डोळे विस्फारून बघत राहिली. मग शेषरावांनी भराभरा सारं सांगितलं, आणि जसजसं ते सांगत गेले तसतसा तिचा चेहरा बदलत गेला. मोटार गेली हे ऐकून तिला रडू यायला पाहिजे होतं. तिनं मात्र पदरानं तोंड पुसलं आणि एक मोठा श्वास सोडला.

"मी पाह्यलं न मंग!" ती म्हणाली. "शिंदखेडच्या रस्त्यानं गेली. दुपार होती, ऊन डोक्यावर होतं. पुढं एक, तोंड सावलीत होतं, मागं दोघं. छत पाडलेलं नव्हतं. मी सांगीन ठाण्यात बाबा. चला, मी सांगते."

"हळू बोल."

"तुमची मोटार हाये ते! आईच्या पाटल्या हायेत त्याच्यात. माह्यं काय व्हायचं ते होईन."

शेषरावांनी घराकडे बघितलं. ओट्यावरून झुंबरबाईंचा आवाज येत होता. घरची सून भरदुपारी पदर पडलेला, परक्या तिघा माणसांच्या मोटारीमागं हात करत धावली. ठाण्यातल्या कागदावर ते चढलं की दुसऱ्या दिवशी दुसरबीडच्या चहाच्या खोपटात पोचणार. मग श्रावणाची वाट बघायची गरज कोणाला राहिली असती?

"आणखी कोणाले माहीत हाये हे?"

"कोणालेच नाही. मी सांगतलं नाही."

"बरं केलं," शेषराव म्हणाले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आता मले घोटभर पाणी दे."

ती दचकली. "बाबा, रीत..."

"दे म्हणतो ना."

त्यांनी गोठ्याच्या आडोशाला उभं राहून लेकीच्या हातचं तांब्याभर पाणी घटाघटा पिऊन टाकलं. कोणी बघितलं नाही. मग ओट्यावर येऊन महादेवरावांना रामराम केला आणि निघाले.

रविवारी सकाळी मेहकरात गफ्फार त्यांची वाटच बघत होता. ठाण्याकडे जाताना शेषरावांनी त्याला सगळी हकिगत सांगितली. गफ्फारनं त्यांचा हातच धरला.

"मंग झालं की! डोळ्यानं पाहणारा साक्षीदार भेटला. आता ठाणेदार तिकडच्या पोलिसाले कागद लिहीन. जालन्यात एवढ्या मोटारी थोड्याच हायेत. सापडते लेका, सापडते तुही मोटार!"

शेषरावांनी हळूच हात सोडवून घेतला.

ठाणेदार नवे होते, नागपूरकडचे. सकाळीच उकाड्यानं वैतागलेले. त्यांनी तक्रार ऐकून घेतली आणि म्हणाले, "मेहकरातून पाच रस्ते निघतात. दुसरबीडला जातो सांगून चोर दुसरबीडलाच जाईल, असं तुम्हाला वाटतं? मी चोर असतो तर सुलतानपुरातून फिरून वाशीमकडे गेलो असतो, नाहीतर अकोल्याकडे."

"मले वाटते साहेब, मोगलाईत गेली."

"वाटून काय उपयोग? ते परकं राज्य आहे. नुसत्या वाटण्यावर तिकडे कागद जात नाही. अमुक माणसानं, अमुक दिवशी, अमुक ठिकाणी मोटार त्या बाजूला जाताना पाहिली, असं नावानिशी लिहावं लागतं. त्या माणसाचा जबाब लागतो." त्यांनी मुन्शीला खूण केली. मुन्शीनं टाक दौतीत बुडवला. "दुसरबीडला जाऊन आलात म्हणता. कोणी पाहिली का तिथं?"

शेषरावांच्या डोळ्यांपुढे मोटार उभी राहिली. पितळी दिवे, ते रोज चिंचेनं घासायचे. डाव्या दाराला पडलेला पोचा. चौदा अधिक सहा, अशी वीस वर्षं हातात घेतलेलं ते चाक, जिथं धरायचे तिथं त्याचा रंग उडालेला होता. जालन्याच्या एखाद्या गल्लीत ती आत्ता उभी असेल. एक नाव सांगितलं की कदाचित परत येईल. नाव ओठावर होतं.

"अहो, विचारतोय मी. कोणी पाहिली का?"

"नाही साहेब," शेषराव म्हणाले. "कोणीच नाही पाह्यली. बाजाराचा दिवस होता."

मुन्शीनं लिहून घेतलं. ठाणेदार म्हणाले, वाशीमला आणि अकोल्याला कळवू, बघू काय होतं ते. शेषरावांनी दाखवलं तिथं सही केली. एरवी ते सहीखाली एक रेघ मारत. आज मारली नाही.

बाहेर गफ्फार लिंबाखाली उभा होता. तो लगबगीनं पुढे आला. "काय म्हणे? कागद लिहिते ना जालन्याले?"

"वाशीमले लिहिते."

"वाशीमले? अन् पुष्पाचं नाव?"

"नाही सांगतलं."

"अबे, येडा झाला काय तू?" गफ्फार ओरडलाच. "वीस वर्सं जीव लावला तिच्यावर! पोरीनं सोताच्या डोळ्यानं मोटार पाह्यली, अन् तू..."

शेषरावांनी टोपी काढून कपाळ पुसलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

"तिनं मोटार नाही पाह्यली गफ्फार," ते म्हणाले. "तिनं मले पाह्यलं. अन् मी थांबलो नाही. आज थांबलो."

दोघं रस्त्याच्या कडेकडेनं घराकडे चालू लागले.